वाक्य द्यायचं नाही

बुधवारी अकराला, न्यूरो ओपीडीबाहेरच्या बाकांवर
मी मेंदू शिकवते.
तक्त्यावर लिहिलंय : अक्रोडासारखा.
अक्रोड इथे कुणी पाहिलेला नाही,
म्हणून मेसमधून फुलकोबी आणते,
आणि मणक्यांसाठी पेरापेरांची एक वेळूची काठी.
ती दिली कमरेतली गादी सरकलेल्या एका बुरडाने,
तक्त्यातला कणा बघून म्हणाला होता,
"बाई, हे तं मी रोज चिरतो."

हिरामण नंदेश्वर आला तो पौषात,
पुढचा दात अर्धा तुटलेला.
वडशाच्या नाटक मंडळीत प्रॉम्प्टर, एकवीस वर्षं.
पडद्याआड, वही मांडीवर,
राजाला, दारुड्याला, मरणाऱ्या आईला
रात्रभर वाक्यं पुरवणारा.
त्या रात्री तिसऱ्या अंकात नायक थांबला,
कान मागे केला,
आणि वहीतली अक्षरं समोर दिसत असून
याच्या तोंडातून एकही निघेना.
लोकांना वाटलं, थांबणंही नाटकातलंच.
टाळ्या पडल्या.
मग फिट.
कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा,
कुणी दातांत चमचा घातला.
म्हणून तो दात.

फिल्ममध्ये डावीकडे, बोराहून थोडी मोठी गाठ,
बोलण्याच्या गल्लीला चिकटलेली.
नागपूरचे सर गुरुवारी येतात, ते म्हणाले,
जागं ठेवूनच काढू.
समजावणं माझं काम.
मी फुलकोबीवर बोट ठेवलं :
याला सगळ्या अंगाचं दुखणं कळतं, स्वतःचं कळत नाही.
वरची कातडी बधिर करतात.
सुताराच्या घरासारखा आवाज येईल, तो तुमच्याच डोक्यातला,
घाबरायचं नाही.
आत काम चालू असताना आम्ही चित्रं दाखवू,
तुम्ही नावं सांगायची.

पर्वताबाईंनी विचारलं, "जिवाचं?"
मी आकडा सांगितला, होता तेवढाच.
त्याने मात्र वेगळंच विचारलं :
"अडकलो तं वाक्य कोन देईन?"
कोणी नाही, मी म्हणाले.
दिलं तर सरांना कळणार नाही
कुठे थांबायचं.

हिरव्या कापडाच्या तंबूत
त्याच्या तोंडाशी मी, कार्डं धरून.
बैल. घागर. सूप.
पलीकडे सरांच्या हातातली बारीक वीज
एकेका जागेवर टेकत, उठत.
विळा. कंदील. कोंबडा.
मग छत्री.
त्याने माझ्याकडे पाहिलं,
एकवीस वर्षं नट त्याच्याकडे पाहत आले तसं.
'छ' माझ्या जिभेच्या टोकावर.
मास्कच्या आत मी ओठ दाबून धरले.
त्यांच्या बोलीत डोळ्याला डोरा म्हणतात,
तो डोरा भरून वाहिला, कानाकडे,
आणि मला पुसताही येईना, दोन्ही हातांत कार्डं.
"इथे नको," सर म्हणाले,
कुणाला नाही, स्वतःच्या हाताला.
तेवढी गाठ राहू दिली.

चैत्रात तपासणीला आला.
गोळ्या सकाळ-संध्याकाळ, एकही चुकलेली नाही.
वर्ग चालू होता. बाक रिकामा असून
खांबामागे जाऊन बसला.
मी एका पोराला उभं केलं :
बहिणीला फिट आली तर काय करशील?
पोरगं तोंड उघडं ठेवून माझ्याकडे, मग छताकडे.
तेवढ्यात खांबामागून, दबका,
पहिल्या रांगेलाही ऐकू जाऊ नये असा आवाज :
"कुशीवर वळवाचं. तोंडात काई घालाचं नाई. घडी पाहाची."
पोराने ते मोठ्याने म्हटलं, जसंच्या तसं,
छाती काढून,
जणू त्यालाच येत होतं.

दुपारी निघाले. बाहेर ऊन म्हणजे तवा.
फाटकाशी बसने हॉर्न दिला.
तो पायरीवरून मागे वळला,
भिंतीच्या कोपऱ्याकडे हात केला,
"ते माहं… ते…"
काळी, मुठीला सुतळी गुंडाळलेली,
मला दिसत होती.
पर्वताबाईंनाही दिसत होती.
दुसरा हॉर्न.
आम्ही दोघी उभ्या राहिलो.